चार ते सहाचा पहारा

लग्नात मारुतीभाऊ भेटले की त्यांच्या कडेवर कुणाचं तरी मूल असतंच. ते त्यांच्या नात्यातलं असतं असं नाही, ओळखीतलं असतं असंही नाही. मांडवात शिरले की ते आधी बायकांच्या बाजूला जातात, किरकिरणारं एखादं पोर हेरतात आणि त्याच्या आईला म्हणतात, आण इकडं, तू जेव निवांत. पाच मिनिटांत ते पोर त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपतं. कामशेतच्या एका लग्नात त्यांच्या दोन्ही खांद्यांवर दोन पोरं झोपली होती. त्यातल्या एकाची आई जेवून, आहेर उरकून, टेम्पोत बसून पार हायवेच्या फाट्यापर्यंत गेली आणि तिथे तिला आठवण झाली. धापा टाकत परत आली, तर मारुतीभाऊ शांतपणे म्हणाले की अजून अर्धा तास उशीर झाला असता तरी चाललं असतं, पोराची झोप व्हायची होती.

मारुतीभाऊंचे हात रिकामे राहून चालत नाहीत. पोर नसेल तर दावं वळतील, पावट्याच्या शेंगा सोलतील, दुसऱ्याच्या सायकलची साखळी पुसत बसतील. आमची ही तर मोठी हुशार. भाऊ चहाला येणार असले की आठवड्याचा लसूण आधीच काढून ठेवते. चहा होईपर्यंत लसूण सोलून झालेला असतो आणि वर भाऊंनाच वाटतं की आपला पाहुणचार झाला.

मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. कान्हे स्टेशनावर उतरून आत तीनेक किलोमीटर आलं की आमचं गाव लागतं. मी लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो. मारुतीभाऊंची चार खाचरं भात, दोन म्हशी, आणि शनिवार-रविवार लोहगडवाडीला मेहुण्याच्या टपरीवर भजी तळायची. वय साठीच्या अलीकडचं. अंगानं काटक, मिश्या पांढऱ्या, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आपल्याकडे काहीतरी मागायला आलाय.

पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत हेच भाऊ रोज दारू पीत. तेही थोडीथोडकी नाही. पण पिऊन शिवीगाळ नाही, मारहाण नाही. उलट प्यायल्यावर त्यांचा विनय उतू जाई. विजेच्या खांबाला धडकले तर खांबाची माफी मागत. एकदा आमच्या गोठ्यापुढे उभं राहून त्यांनी माझ्या बैलाला घरच्यांची खुशाली विचारली होती आणि उत्तर येईना म्हणून वाईट वाटून घेतलं होतं. दुपारचे चार वाजले की त्यांचे पाय आपोआप ओढ्यापलीकडच्या गुत्त्याकडे वळत. मग दिवेलागणीला त्यांना कुणीतरी घरी आणून पोचवी. कधी दुधाच्या गाडीत कॅनच्या मधे बसवून, कधी बैलगाडीत कडब्यावर घालून, एकदा तर मंडपवाल्याच्या हातगाडीवर सतरंज्यांच्या खाली. शांतावहिनी दारात येत आणि दर वेळी तेवढंच म्हणत, "ठेवा तितं."

आमच्या गावात हनुमान जयंतीला धरून सप्ताह असतो. सात दिवस मारुतीच्या देवळात नामस्मरण चालतं आणि त्यात वीणा असते. ती सात दिवस खाली टेकवायची नाही. कुणीतरी ती गळ्यात घालून उभं राहायचं, दोन तासांनी दुसऱ्यानं यायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. याला पहारा म्हणतात. दुसरा माणूस आल्याशिवाय पहिल्यानं हलायचं नाही, मग काही होवो. पहाऱ्याची यादी देवळाच्या भिंतीला लावतात. तिच्यात दर वर्षी एक जागा मोकळी राही, दुपारी चार ते सहा. ती धारा काढायची वेळ. त्या वेळी गावातला धडधाकट माणूस एक तर म्हशीखाली असतो, नाहीतर डेअरीच्या रांगेत.

त्या वर्षीही गेणूआबा, म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे म्होरके, यादीपुढे डोकं खाजवत उभे होते. तेवढ्यात आंघोळ करून, केस चापून बसवलेले मारुतीभाऊ आले आणि म्हणाले, तो पहारा मला द्या. देवळात मी होतो, आणखी दोघेतिघे होते. आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, मी जरा जास्तच हसलो. आबांनी विचारलं, आज प्यालास का. भाऊंनी खरं ते सांगितलं, की अजून चार कुठं वाजलेत.

"पिनाऱ्याच्या गळ्यात वीना देत न्हाईत, मारुती," आबा म्हणाले.

"ठावं हाय आबा. पन वीना गळ्यात असली की खाली ठेवता येत न्हाई. दुसरा आल्याबिगर हलता येत न्हाई. चार ते सहा मला कुटंतरी बांधून घाला. नुसतं समजावून माझं काय व्हत न्हाई, लय जनांनी समजावलं."

आबांनी मोकळ्या जागेत मारुतीचं नाव लिहिलं. मग त्यांनी एक अट घातली, की आधी सरकारी दवाखान्यात जायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भाऊंना तपासलं, इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं असं बजावलं, गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी तोंड दाखवून जायला सांगितलं. म्हणून आजही भाऊ देवाला हात जोडले की लगेच दवाखान्याच्या दिशेनं वळून दुसरा नमस्कार करतात.

पहिल्या दिवशी त्यांच्या आधीचा पहारा आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा होता. गुरुजींनी आयुष्यभर मारुतीभाऊंचं उदाहरण शाळेत 'काय होऊ नये' या विषयाखाली दिलेलं. आता रिवाजाप्रमाणे त्यांना वाकून भाऊंच्या पायांना हात लावावा लागला. गुरुजी वाकले खरे, पण चेहरा तोंडात कडू कारलं धरल्यासारखा होता.

तिसऱ्या दिवशी खरी गंमत झाली. भाऊंच्या हाताला कंप सुटला. सबंध अंग थरथरत होतं, आणि गळ्यातल्या वीणेच्या तारा कुणी न छेडता आपोआप वाजायला लागल्या. देवळात बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं उठून भाऊंच्या पायावर पाणी घातलं, दुसरीनं हळदकुंकू वाहिलं. बघता बघता रांग लागली. मारुतीच्या देवळात मारुतीच्या अंगात मारुती आला म्हटल्यावर कोण घरी थांबेल? सखूमावशीनं तर पदर पसरून विचारलं की माझी कालवड परवापासून हरवलीय, कुठे आहे ते सांग देवा.

भाऊ रडकुंडीला आले होते. घाम निथळत होता, दात वाजत होते, आणि पायाशी नारळांचा ढीग. "मावशे, अंगात देव न्हाई आलेला," ते म्हणाले, "दारू गेलीया. ती गेली म्हनून हात हालत्यात."

मावशी मागच्या बाईला म्हणाली, देव कधी कबूल करतो का. आणि त्याच संध्याकाळी कालवड ओढ्याच्या काठी सापडली. आता यात भाऊंचा काय दोष? पण मावशीची श्रद्धा बसली ती बसली. तेव्हापासून ती दर गुरुवारी त्यांच्या दारात उदबत्ती लावून जायची आणि शांतावहिनी ती विझवून पुन्हा वापरायला ठेवायच्या.

सात दिवस निभावले. काला झाला, वीणा कपाटात गेली, आणि आठव्या दिवशी चार वाजता मारुतीभाऊ भेदरलेल्या चेहऱ्यानं आबांच्या ओट्यावर हजर. आता काय करू? आबांनी त्यांना शेजारच्या गावच्या सप्ताहाला धाडलं. तिथेही चार ते सहा मोकळंच होतं. मग त्यापुढच्या गावी, तिथेही तेच. भाऊंच्या लक्षात आलं की सबंध मावळात म्हशी एकाच वेळी पान्हवतात आणि त्यामुळे गावोगावच्या देवाला चार ते सहा माणूस मिळत नाही. त्यांनी एक वही केली. त्यात कुठल्या गावाचा सप्ताह कधी ते लिहून ठेवलं आणि सायकलवर टांग मारून इंदुरीपर्यंत जायला लागले. ही सोय देवानं केली की म्हशींनी, यावर आबांचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. भाऊंच्या घरच्या धारा मात्र शांतावहिनी काढायच्या, हे कुणी बोलत नाही म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

तेव्हापासून त्यांना कुणी विचारलं की किती वर्षं झाली सोडून, तर ते आकडा सांगत नाहीत. "आजचा पहारा झाला," एवढंच म्हणतात. सकाळी विचारलं तर, "आजचा व्हायचाय."

आमच्या कारखान्याची चिक्की लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर जायची. तिथे मन:शांतीची शिबिरं भरत. एका खेपेला मी भाऊंना सोबत घेऊन गेलो, पेट्या उचलायला मदत होईल म्हणून. हॉलमध्ये पुण्यामुंबईची मंडळी पांढऱ्या गाद्यांवर डोळे मिटून बसलेली, आणि शिबिराच्या मॅडम हळू आवाजात सांगत होत्या की मनात धरून ठेवलेलं सगळं सोडून द्या. भाऊंनी पेटी खाली ठेवली आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.  मॅडमनी डोळे उघडून विचारलं, काय म्हणायचंय काका?

"सोडा म्हनताय ते बरोबर हाय, मॅडम. पन मग रिकाम्या हातात काय देनार?"

मॅडम समजूतदार. त्यांनी भाऊंनाच पुढे बसवून बोलायला लावलं. भाऊंनी पहाऱ्याची सगळी हकिगत सांगितली, कालवडीसकट. पुढच्या महिन्यात शिबिरातले दोघेजण चक्क सप्ताहाला आले. त्यातल्या एका गृहस्थांनी अर्ध्या विजारीवर भर दुपारचा पहारा केला आणि गावातल्या बायका त्यांचे गोरे गुडघे बघून आठवडाभर हसत होत्या.

पण सगळं असं हसण्यावारी जाणारं नव्हतं. त्याच वर्षीच्या आषाढात भाऊ घसरले. चार दिवस गुत्त्यावरून उठलेच नाहीत. आम्ही म्हटलं, भातलावणीच्या दिवसांत कुठे सप्ताह नसतो, म्हणून झालं. शांतावहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, सप्ताहाचं काही नाही, पावसाळ्याचं आहे. यांनी एक पावसाळा कोरडा काढून दाखवला तर मी खरं मानीन.  पाचव्या दिवशी भाऊ पुन्हा दवाखान्यात गेले, पुन्हा गोळ्या घेतल्या, पुन्हा वही काढली. आबा त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत.

पुढच्या चैत्रात जे घडलं त्यात माझी चूक होती. सप्ताहात चार ते सहा भाऊंचा पहारा आणि सहा ते आठ माझा. नेमकी त्या दिवशी शेजारच्या गावच्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत होती. जत्रा म्हटलं की आमच्या गावात पुरुष औषधाला सापडत नाही. मीही गेलो. ठरवलं होतं की साडेपाचला निघायचं. पण आमच्या गावची बारी लागली, आमचा गाडा पहिला आला, भंडारा उधळला, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं, आणि पहारा माझ्या डोक्यातून साफ गेला. आठवला तेव्हा आठ वाजले होते.

धावत देवळात पोचेपर्यंत नऊ झाले, आणि आठचा माणूसही अजून जत्रेतच होता. भाऊ उभे होते, एकटे, पाच तास. आणि त्यांच्या पुढ्यात शिवा बसला होता. शिवा म्हणजे त्यांचा गुत्त्यावरचा जुना जोडीदार. जिंकल्याच्या आनंदात तो भाऊंसाठी बाटली घेऊन आला होता. काय झालं ते नंतर दोघांनीही मला सांगितलं, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं. शिवानं बाटली पुढे केली. भाऊ म्हणाले, हातात वीणा आहे. शिवा म्हणाला, खाली ठेव. खाली ठेवता येत नाही. मग शिवाला मोठी युक्ती सुचली. तो म्हणाला, मी धरतो वीणा, तू दोन घोट घे. भाऊंचे पाय दुखत होते, घसा कोरडा होता, देवळात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मला सांगितलं की वीणा गळ्यातून अर्धी काढली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग शिवाच्या तोंडाचा वास आला. म्हनलं, पिनाऱ्याच्या गळ्यात वीना देत न्हाईत. आबांनी मला सांगितलं तेच मी त्याला सांगितलं. तो लय चिडला. म्हनला, उतरल्यावर देशील का? म्हनलं, व्हय. म्हनून बसलाय उतरायची वाट बगत."

मी पाया पडलो, वीणा घेतली. आता मला हलता येत नव्हतं. भाऊ खांबाला टेकून बसले, पाय चोळत राहिले आणि मग स्वतःहून बोलायला लागले. ते सोळा वर्षांचे असताना, आषाढात, दोघे भाऊ पलीकडच्या खाचरातून भाताचं रोप घेऊन ओढ्याच्या साकवावरून येत होते. पाणी वर चढलेलं. एका हातात रोपाची मोळी, दुसऱ्या हातात दहा वर्षांचा धाकटा. लोंढा आला. "मोळी ऱ्हायली हातात," भाऊ म्हणाले. "ती घट्ट धरलेली. वडलांनी सांगितलतं, रोप भिजलं तरी चालंल, सोडू नगं. धाकट्याचा हात सुटला. घरी आलो तवा मोळी तशीच व्हती."

वडील त्यावर आयुष्यात एक शब्दही बोलले नाहीत. तेच रोप दुसऱ्या दिवशी लावलं. तो भात पिकला, आणि घरातल्या सगळ्यांनी तो खाल्ला. हे ऐकताना मला वीणा गळ्यात घेऊन रडताही येईना, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. मी विचारलं, धाकट्याचं नाव काय होतं? भाऊंनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग ते उठले आणि म्हणाले, थांब, तुला पाणी आणतो.

नंतर आबांकडून कळलं की लोंढ्याच्या त्या दिवसापासून भाऊंनी ते नाव उच्चारलेलं नाही. दारू प्यायले तरी नाही. आबा म्हणाले, ते नाव जोवर आत अडकलंय, तोवर दर आषाढात ते वर येऊ बघणार आणि हा त्याच्यावर दारू ओतणार. त्या वर्षी आषाढ लागला तसं आबांनी कपाटातून वीणा काढली आणि सांगितलं, सप्ताह असो नसो, रोज चार ते सहा मारुतीपुढे उभा राहा. सहाला वीणा घ्यायला कधी मी जायचो, कधी आबा, आणि महिन्याभरानं कधीकधी शिवा. होय, तोच शिवा. त्याची उतरायला जरा वेळ लागला, पण उतरली. तो पावसाळा भाऊंनी कोरडा काढला. पुढचे दोनही काढले. शांतावहिनींनी खरं मानलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त सखूमावशीच्या उदबत्त्या विझवणं बंद केलं.

गेल्या चैत्रात, सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाची पंगत मारुतीभाऊंनी मागून घेतली. आमच्याकडे पंगत कुणाच्या स्मरणार्थ आहे ते जेवणाआधी कर्ण्यावरून सांगतात. पात्रं मांडली होती, लापशी, आमटी, भात वाढून झाला होता. आबांनी माईक हातात घेतला. आजची पंगत मारुती कोंडिबा यांच्याकडून, त्यांचे बंधू... इथवर बोलून ते थांबले. नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी माईक भाऊंच्या पुढे धरला.

भाऊ उभे राहिले. कर्णा शिट्टी वाजवून गप्प झाला. सगळा मांडव भातावर हात ठेवून बसलेला. बायकांच्या पंगतीत शांतावहिनी वाढायची पळी घेऊन तशाच थांबल्या होत्या. मला वाटलं, आता हे म्हणणार, थांबा, पाणी आणतो.

"सुदाम," भाऊ म्हणाले. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "माझा धाकटा भाऊ. सुदाम."

 तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्या गावात सुदाम नावाचं एकही पोर नाही. चाळीस वर्षांत कुणी ते नाव ठेवलेलंच नव्हतं, आणि त्याची वाच्यताही कुणी केली नव्हती.

मला वाटलं, झालं, आता श्लोक म्हणून जेवायला सुरुवात करायची. पण भाऊ माईक सोडेनात. सुदाम कसा म्हशीवर बसून शाळेत आला होता ते त्यांनी सांगितलं. सुदामनं देवापुढचा नारळ खाऊन माकडावर आळ कसा घातला होता, आणि माकडाला शोधायला सगळा गाव काठ्या घेऊन कसा हिंडला होता, ते सांगितलं. मांडव हसायला लागला. भाऊही हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. एक म्हातारा पंगतीतूनच ओरडून म्हणाला की त्या माकडापायी मी झाडावरून पडलो होतो. गुरुजी उठून म्हणाले, सुदाम माझ्या वर्गात होता, त्याचं अक्षर चांगलं होतं. एवढंच बोलून ते खाली बसले.

आबांनी दोनदा खूण केली. शांतावहिनी पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "अवो, जेवू द्या की लोकास्नी. आमटी निवली."

"थांब गं," मारुतीभाऊ माईकमध्ये म्हणाले, "आजून एक सांगतो, मग जेवा." आणि आम्ही पाचशे माणसं निवलेल्या आमटीपुढे थांबलो.